खंडाचं कारण

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मुगभाटातल्या आगासकरांच्या सुनेने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एम.ए.ला नाव घालायचं ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने तिच्या वतीने एकेक कारण शोधून काढलं. कोणी म्हणालं, विद्येची ओढ. कोणी म्हणालं, मुलगा नोकरीला जमशेदपूरला गेला, घर खायला उठतं, बाईने कुठेतरी मन रमवायला नको का? नवरा कमलाकांत तर येईल-जाईल त्याला सांगत होता, "आमच्या हिला पहिल्यापासून वाचनाची भारी आवड." ही सगळी कारणं सभ्य होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. बाईला एम.ए. करायचं होतं ते सूड उगवायला. नणंदेचं नाक ठेचायचं होतं, तेही तिच्याच वर्गात, तिच्या डोळ्यांदेखत.

घरात तिला सुशीला म्हणत. आपण म्हणायचं नाही. तिचं नाव दुर्गा. दुर्गा मोरेश्वर वेलकर या नावाने ती बी.ए. झाली आणि सर्टिफिकेटावर आजही तेच नाव आहे.

छत्तीस साली संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या मुली कॉलेजात दोनच. दोघी पाठारे प्रभू, दोघी गिरगावातल्या आणि दोघी एकमेकींच्या जिवाभावाच्या. दुर्गा वेलकर आणि उर्मिला आगासकर. निकाल लागला तेव्हा दुर्गा पहिली आणि उर्मिला दुसरी. कॉलेजची रीत अशी, की पहिल्या येणाऱ्याला फेलो नेमायचं. फेलोने खालच्या वर्गांना शिकवायचं, लायब्ररीत हवं तितकं बसायचं आणि दोन वर्षांत एम.ए. होऊन बाहेर पडायचं. पुढे कॉलेजात जागा जवळजवळ ठरलेलीच असे. म्हणजे पहिलीचं आयुष्य मार्गी लागायचं आणि दुसरीने घरी बसून स्थळांची वाट बघायची. आणि नेमकी त्याच आठवड्यात आगासकरांकडून दुर्गेला मागणी आली, उर्मिलेच्या थोरल्या भावासाठी. वेलकरांच्या घरात आनंदीआनंद झाला. मैत्रीणच नणंद होणार, पोरगी ओळखीच्या घरात पडणार, आणखी काय हवं? दुर्गेलाही त्यात काही खटकलं नाही. उलट ती हरखून गेली होती.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा कमलाकांतने बहिणीकडे बघितलं. नाव उर्मिलेने निवडलं होतं. दुर्गा हे फार कडक, आमच्या घरात शोभायचं नाही, सुशीला ठेवा, असं तिने सांगितलं होतं. सगळे हसले, पेढे वाटले गेले. पुढच्या टर्मला उर्मिला फेलो झाली. मग एम.ए., मग लेक्चरर, मग प्रोफेसर आणि आता संस्कृतची मुख्य. सुशीला आगासकरने सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, पथ्यं सांभाळली, मुलगा रघुवीर वाढवला, सरंग्याच्या तुकड्या तळल्या, आणि नणंद घरी आली की तिच्या तोंडून परीक्षेच्या पेपरांच्या गमती ऐकल्या. लग्न झाल्यावर शिक्षण सुटायचंच, असं ती स्वतःला समजावत राहिली. तिने कधी कोणाला दोष दिला नाही.

दोष द्यायला माणूस मिळाला तो फार उशिरा. घरात काही कार्य होतं आणि बायका स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांत कमलाकांतची बेबीमावशी. पासष्टी उलटली तरी बाई बेबीच होती आणि जिभेला हाड नव्हतं. कोळंबीचं डोकं मोडता मोडता ती कौतुकाने म्हणाली, "काही म्हणा, आमची उर्मिला लहानपणापासून चतुर हो! निकालाच्या दिवशी माझ्याकडे रडत आली. म्हणाली, मावशी, दुर्गा कॉलेजात राहिली तर माझं काही खरं नाही. आपल्या दादाशीच तिचं लग्न लावून टाकायचं का? मी म्हटलं, टाक की लावून! हुशार सूनही मिळेल." आणि ती खो खो हसली. बाकीच्याही हसल्या, कारण इतक्या वर्षांनंतर ती एक गोड आठवणच झाली होती.

दुर्गा हसली नाही. तिने परातीतली कोळंबी सगळी सोलून संपवली, हात धुतले आणि मोरीत जाऊन उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. जिला बहिणीसारखं मानलं तिने केसाने गळा कापला होता, आणि वर त्या गळ्यात मंगळसूत्र घालून घरात आणलं होतं, जन्मभर हाताशी राहावी म्हणून! त्या दिवसापासून दुर्गेने मनात डूख धरला. कोणाला एका शब्दाने कळू दिलं नाही. रघुवीरचं शिक्षण संपायची तेवढी वाट पाहिली.

बेत पक्का होता. उर्मिलेच्याच कॉलेजातून नाव घालायचं. पहिल्या बाकावर, बरोबर तिच्यासमोर बसायचं. रोज हजेरी घेताना उर्मिलेने आपलं नाव पुकारायचं आणि आपण तिच्या डोळ्यांत बघून 'हजर' म्हणायचं. ती शिकवेल तेव्हा मान हलवायची नाही, नुसतं बघत राहायचं. परीक्षेत तिच्या लाडक्या पोरापोरींना मागे टाकून पहिलं यायचं, म्हणजे बाईला छत्तीस सालचा निकाल पुन्हा एकदा वाचायला मिळेल. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दुर्गा हा बेत घोळवायची आणि तिला शांत झोप लागायची.

या सगळ्यात कमलाकांतचा तिला आधार होता. स्वभावाने गरीब माणूस. इंटरला दोनदा आपटल्यावर अप्पांनी त्याला फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत चिकटवून दिलं होतं आणि तिथेच तो मुरत मुरत हेडक्लार्क झाला. छप्पनच्या जानेवारीत गिरगावात गोळ्या चालल्या, गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभे राहिले, आणि या पापभीरू माणसाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तेव्हापासून त्याने संयुक्त महाराष्ट्राची एक सभा चुकवली नव्हती. निवडणुकीत समिती जिंकली तेव्हा नाक्यावर नाचला होता म्हणतात. घरात इंग्रजी शब्द खपवून घेत नसे. सकाळी दाढी करतानाही 'झालाच पाहिजे' चालायचं. दुर्गेला मनातून त्याचं कौतुक वाटे. बायकोने या वयात कॉलेजात जायचं म्हटल्यावर दुसऱ्या नवऱ्याने तोंड वाकडं केलं असतं. हा स्वतः जाऊन प्रवेशाचा अर्ज घेऊन आला. अख्ख्या आगासकरांत जिच्यावर राग धरावा अशी एक उर्मिला आणि ज्याच्यावर धरता येणार नाही असा हा एक, असं तिचं मत होतं.

अर्ज द्यायला ती दोघं गेली तेव्हा कॉलेजातल्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "सर्टिफिकेट मिस वेलकरचं. अर्ज मिसेस आगासकरचा. शिवाय मध्ये एकवीस वर्षांचा खंड. असं कसं चालेल, बाई?" मग त्यानेच वाट सांगितली. दोन्ही नावांची बाई एकच, असं नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं. त्यात खंडाचं कारण हवं. आणि लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या कोणा प्रतिष्ठित माणसाने 'हे सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे' म्हणून खाली सही करायला हवी.

"एवढंच ना?" कमलाकांत म्हणाला. त्याचं तोंड उजळलं. प्रतिज्ञापत्र म्हणजे त्याच्या हातचा मळ. उभा जन्म त्याने दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात घालवला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. कचेरीतल्या तरुण कारकुनांना तो दम भरायचा, "बाकी कुठेही थाप मारा, पण शपथेवर खोटं लिहाल तर हात झडतील." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मसुदा घेऊनच आला. सुबक टाईप केलेला, इंग्रजीत. दुर्गेने वाचला. खंडाच्या कारणापाशी लिहिलं होतं: घरच्या जबाबदाऱ्यांमुळे व अर्जदाराच्या स्वतःच्या इच्छेने.

"माझ्या इच्छेने?" दुर्गेने विचारलं.

"अगं, तसं लिहायची पद्धत असते. वाचतंय कोण?"

तिचं लक्ष खालच्या कोऱ्या जागेकडे होतं. लग्नाआधीपासून ओळखणारं प्रतिष्ठित माणूस. तिचे आईवडील गेले होते, शिकवणारे कधीच निवर्तले होते. दोन्ही नावांनी तिला ओळखणारं, नावापुढे प्रोफेसर लावणारं माणूस जगात एकच उरलं होतं. दुर्गेला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सुडाचा पहिला घास आयताच पुढ्यात आला होता. ज्या हाताने आपल्याला कॉलेजातून उपटून काढलं, त्याच हाताला आता सही करून आपल्याला परत आत घ्यावं लागणार होतं.

रविवारी दुपारी ती ट्रामने दादरला गेली. उर्मिला हिंदू कॉलनीत एकटीच राहायची. लग्न केलं नव्हतं. दार उघडून ती म्हणाली, "ये वहिनी. दादा नाही आला?"

"तुझ्याकडे सही घ्यायला आलेय," दुर्गा म्हणाली आणि बसली. चहा नको म्हणाली. कागद मात्र तिने लगेच काढला नाही. आधी तिला आपलं बोलून घ्यायचं होतं, इतकी वर्षं घोटून ठेवलेलं. "बेबीमावशीने मला सगळं सांगितलंय उर्मिला. निकालाच्या दिवशी तू तिच्याकडे रडत गेलीस ते. फेलोशिपसाठी तू मला तुझ्या घरात गाडलंस. मी तुझी मैत्रीण होते गं."

उर्मिला कावरीबावरी होईल, नाही म्हणेल, निदान रडेल, अशी दुर्गेची अपेक्षा होती. रडली असती तर काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. पण उर्मिलेने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"हो," ती म्हणाली. "मला ती जागा हवी होती. तू असताना मिळाली नसती. मी तुला लग्नात अडकवलं. खोटं कशाला बोलू?"

"आणि तुला लाज नाही वाटत?"

"वाटते. पण जागा सोडावी इतकी कधी वाटली नाही. आण तो कागद."

दुर्गेने कागद दिला. उर्मिलेने पेन उघडलं, वाचत वाचत खाली आली आणि थांबली. मग पेन बंद करून तिने कागद परत दुर्गेसमोर सरकवला.

"यावर मी सही करणार नाही."

"कशी करत नाहीस तेच बघते!" दुर्गेचा आवाज चढला. "अजून भीती वाटते ना माझी? या वयात?"

"भीतीचा प्रश्नच नाही. हे खोटं आहे. 'अर्जदाराच्या स्वतःच्या इच्छेने.' तुझी इच्छा होती?"

"नव्हती. पण तो लिहायचा भाग असतो."

"हे दादाने लिहिलं?" उर्मिला हसली, पण ते हसणं दुर्गेवर नव्हतं. "तरीच. वहिनी, तुला खरंच माहीत नाही? लग्नाने तुझी जागा गेली नव्हती. प्रिन्सिपॉल स्वतः आपल्या घरी आले होते. तू मांडवपरतणीला माहेरी गेली होतीस. म्हणाले, लग्न झालं असलं तरी जागा मिस वेलकरचीच आहे, जून महिन्यापासून पाठवा. अप्पा तर खूश! प्रभूंच्या घरातली पहिली लेक्चरर सून, गावभर मिरवायला मिळणार होतं त्यांना. ते दादाकडे वळून म्हणाले, तुझं काय म्हणणं? आणि दादा म्हणाला, 'तिची स्वतःचीच इच्छा नाही.'"

खोलीत पंखा फिरत होता तो तिला मोठ्याने ऐकू यायला लागला.

"तू तिथे होतीस?"

"चहा घेऊन उभी होते. दादा खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात तू मला म्हणाली होतीस, प्रिन्सिपॉलना भेटून विचारू या का म्हणून."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले. मला हवं ते आपोआप ताटात पडत होतं. पण नाही म्हणाला तो दादा. इंटरला दोनदा नापास झालेला माणूस, बायको बी.ए.च्या पोरांना शिकवायला लागली तर घरात तोंड कसं दाखवणार होता?" उर्मिलेचा आवाज आता कापरा झाला, आणि तो दुर्गेच्या दुःखाने नव्हे, हे दुर्गेला कळलं. "अप्पा गेल्यावर याच दादाने मला सांगितलं, प्रोफेसरीणबाई, तुम्हाला हॉस्टेलची खोलीच बरी. मीही काही विसरले नाहीये वहिनी. खरं कारण लिहून आण, एक सोडून दहा सह्या करते."

परतीच्या ट्राममध्ये दुर्गा खिडकीशी बसली होती. परळ आलं, लालबाग आलं, भायखळ्याचा भाजीबाजार मागे गेला, तिला काही दिसलं नाही. तिला दिसत होता तो दर पाडव्याला तिच्यासाठी कादंबरी आणणारा कमलाकांत. पाहुण्यांना 'आमच्या हिला वाचनाची भारी आवड' म्हणून सांगणारा कमलाकांत. ती कधी जुन्या पुस्तकांवर हात फिरवत बसली की 'होतं असं, संसार म्हटला की' म्हणून पाठीवर थोपटणारा कमलाकांत. थोपटत होता! उर्मिलेने निदान एकदाच दगा दिला होता आणि मग ती आपल्या वाटेने निघून गेली होती. हा त्या दग्याशेजारी रोज जेवत होता, झोपत होता. आणि आता शपथेवरही तेच खोटं, तेच शब्द, टाईप करून! इतकी वर्षं सांभाळून आणलेला राग तिने चुकीच्या दारात नेऊन ओतला होता. त्याचंही तिला वाईट वाटलं नाही. राग शिल्लक होता, भरपूर होता.

कमलाकांत शिवाजी पार्कच्या सभेहून घसा बसवून आला. तिने ताट वाढलं. तो पहिला घास घेतो न घेतो तोच ती म्हणाली, "प्रिन्सिपॉल आपल्याकडे आले होते तेव्हा मी कुठे होते हो?"

त्याचा हात ताटातच राहिला. "कुठले प्रिन्सिपॉल?"

"उर्मिला चहा घेऊन उभी होती."

आधी त्याला आठवेना. मग आठवलं, पण तसं नव्हतं. मग तसं होतं, पण अप्पांच्या मनात नव्हतं. दुर्गा नुसती बघत राहिली. शेवटी त्याने ताट बाजूला सारलं.

"अगं, मी बावीस-पंचवीस वर्षांचा पोरगा होतो. सगळी गल्ली मला 'इंटर फेल' म्हणून चिडवायची. तू कॉलेजात जाऊन उभी राहिली असतीस, मोठमोठ्या माणसांत वावरली असतीस, मग माझ्याकडे बघितलं तरी असतंस का? मी काही दुष्टपणाने नाही केलं. तू मला हवी होतीस."

"मग मला विचारायचं होतंत."

"तू जाते म्हणाली असतीस."

"हो," दुर्गा म्हणाली. "म्हणाले असते."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्या पाण्याने ती विरघळली असती. आज तिला त्याचा संताप आला. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कोणी टिपूस गाळलं नव्हतं आणि हा स्वतःसाठी रडत होता.

"उद्या कचेरीतून आलात की बसा," ती म्हणाली, "आणि प्रतिज्ञापत्र नव्याने लिहा. खंडाचं कारण खरं लिहा. आणि मराठीत लिहा."

"मराठीत? कोर्टात?"

"का? राज्य मराठी पाहिजे, कारभार मराठी पाहिजे, म्हणून घसा फोडून आलात ना आत्ता? मग आपलं खरं तेवढं इंग्रजीत कशाला? कोर्टातल्या पट्टेवाल्यालाही समजू दे."

त्याने खूप विनवण्या केल्या. कायद्याला 'घरगुती कारण' एवढं पुरतं, म्हणाला. ओळखीचे एक जे.पी. आहेत, त्यांनाही शपथ देता येते, त्यांच्या घरी जाऊन गुपचूप उरकू, म्हणाला. तिने एकच सांगितलं, गिरगाव कोर्टात, उघड्यावर. दुसऱ्या संध्याकाळी तो लिहायला बसला आणि ती समोर भाजी निवडत बसली. पहिल्या मसुद्यात त्याने सगळं अप्पांवर ढकललं. तिने तो वाचला आणि फाडला. "मेलेल्या माणसाच्या गळ्यात घालू नका. ते हो म्हणाले होते." दुसरा लिहायला त्याला बराच वेळ लागला. तो वाचून तिने विचारलं, "तुम्ही नाही का म्हणालात, ते कुठंय?"

"तेही लिहू?" त्याचा चेहरा उतरला. "सुशीला, तिथे सगळे मला ओळखतात गं."

"म्हणूनच लिहा."

उर्मिलेला शुक्रवारी कोर्टात यायला सांगितलं होतं. ती वेळेवर आली. कोर्टातला दुभाषा शामराव. कमलाकांतचा वीस वर्षांपासूनचा मित्र, एका खिडकीशी उभं राहून चहा पिणारे दोघं. त्याला बघून शामराव ओरडला, "या अजिंक्यवीर! आज अख्खं कुटुंब घेऊन? कोणाची मिळकत लुटताय?" टेबलांवरचे कारकून हसले. कमलाकांतही हसला, पण ओठांनीच. कोर्टात सगळे त्याला अर्धा वकील समजत. नवखे बॅरिस्टरही मसुदा दाखवायला त्याच्याकडे येत.

मॅजिस्ट्रेट पारशी होते. त्यांना मराठी बोललेलं कळे, वाचता येत नसे. कागद मराठीत आहे म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या आणि शामरावला सांगितलं, वाचा मोठ्याने, आणि मग इंग्रजी करून सांगा. म्हणजे दोनदा. हे दुर्गेच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिला देव पावल्यासारखं झालं.

शामरावने खणखणीत आवाजात सुरुवात केली. "मी, कमलाकांत आगासकर, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, कुमारी दुर्गा मोरेश्वर वेलकर आणि माझी पत्नी सौभाग्यवती सुशीला ही एकच व्यक्ती आहे. लग्नानंतर कॉलेजने तिला फेलोची जागा देऊ केली होती. माझ्या वडिलांची संमती होती. पत्नीला न विचारता, तिची इच्छा नाही असे मी सांगितले. ते खोटे होते." शामरावचा आवाज इथे थोडा खाली आला. त्याने मित्राकडे बघितलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, पुढे. "मी स्वतः इंटर नापास असल्यामुळे, पत्नी माझ्यापेक्षा मोठी झालेली मला सोसली नसती. तिच्या शिक्षणात खंड पडला तो या एका कारणाने."

टंकलेखकाचं यंत्र थांबलं होतं. दाराशी उभा असलेला पट्टेवाला आत डोकावून बघत होता. मग शामरावने तेच सगळं इंग्रजीतून सांगितलं, कागदाकडे बघत, भराभर. कमलाकांतची मान खाली गेली होती आणि कान लाल झाले होते. दुर्गा त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. तिला बरं वाटत होतं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

"ऐकलंत? खरं आहे?" शामरावने रीतीप्रमाणे विचारलं.

"खरं आहे," कमलाकांत पुटपुटला.

शामराव ते चालवून घेणार होता. "साहेबांना ऐकू गेलं नाही," दुर्गा म्हणाली.

"खरं आहे!" तो ओरडला. सभेत ओरडायचा तोच आवाज होता.

मग उर्मिला पुढे झाली. तिने कागदाखाली लिहिलं, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे,' आणि पेन उचललं.

"आणखी एक ओळ," दुर्गा म्हणाली. "तू तिथे होतीस. तू काय केलंस ते."

"ते कॉलेजात जाणार आहे वहिनी. माझ्याच ऑफिसात."

"माहीत आहे."

नणंदेने वहिनीकडे बघितलं. भावाला असं उघडं पडलेलं बघून तिच्या तोंडावर जे समाधान होतं, ते हळूहळू गेलं. तिने खाली वाकून लिहिलं, 'मी तेथे हजर होते व माझ्या फायद्यासाठी गप्प बसले,' आणि सही केली. तिची सही एरवी मोठी झोकदार असायची, आज अगदी बारीक आली. मॅजिस्ट्रेटांची सही झाल्यावर शामरावने शिक्का मारला आणि कागद कमलाकांतकडे न देता दुर्गेच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर उर्मिला म्हणाली, "सोमवारपासून वर्ग आहेत. हजेरीला कुठलं नाव घालू?"

"दुर्गा वेलकर. आणि तिथे मला वहिनी म्हणायचं नाही."

उर्मिला मान हलवून निघून गेली. कमलाकांत कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता. आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला, तसा तो दचकला. कदाचित ते दुसऱ्याच कशाला तरी हसले असतील, पण इथून पुढे तो आवाज त्याला आपल्यालाच हसल्यासारखा ऐकू येणार होता. त्याने दुर्गेचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "चल आता घरी. मी चुकलो. मी तुझी माफी मागतो. पाया पडू का इथे?"

"मागा ना," दुर्गा म्हणाली. "मराठीत मागा, इंग्रजीत मागा. रोज मागा. एकवीस वर्षं मागून झाली, की मग विचार करीन."

ती पायऱ्या उतरली. कॉलेजात अर्ज पाच वाजेपर्यंतच घेत होते.